सेवेचे किलोमीटर

आमच्या जबलपुरात समाजसेवेचं मोल अंतरावर ठरतं. शेजारच्या आजोबांना हाताला धरून दवाखान्यात नेलं तर तो शेजारधर्म. तेच ग्वारीघाटावर जाऊन अनोळखी आजोबांसाठी केलं तर समाजकार्य. मंडल्याच्या जंगलात जाऊन केलं तर वर्तमानपत्रात दोन ओळी. आणि विमानात बसून, समुद्र ओलांडून केलं तर शाल, श्रीफळ आणि ‘जबलपूरची सुकन्या’ असा फलक. आजोबा सगळीकडे तसेच, गुडघेही तसेच. फक्त भाड्याचा आकडा वाढत जातो.

हा नियम मला कुठल्या ग्रंथात सापडला नाही, पुतणीमुळे सापडला. ती विशेष शिक्षिका आहे. म्हणजे ज्या मुलांना शिकायला जास्त वेळ, वेगळी वाट आणि भरपूर धीर लागतो, त्यांना शिकवते. हे काम ती जबलपुरात बरीच वर्षं करत होती, तेव्हा तिची कोणी दखल घेतली नाही. तेच काम फुकट करायला ती स्कॉटलंडला निघाली आणि सगळ्या गावाला ती लहानपणापासूनच हुशार असल्याचं आठवलं.

आधी ‘गाव’ म्हणजे कोण, ते सांगायला हवं. जबलपूरवर १७९८ ते १८१७ नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. आमचे पूर्वज त्यांच्या फौजेबरोबर आले, असा आमच्या घराण्याचा दावा आहे. फौज परत निघाली तेव्हा ते बहुधा जेवायला बसले होते. पुढे इंग्रज आले, १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला, १९५६ मध्ये हायकोर्ट आलं, आणि दर वेळी काही मराठी कुटुंबं बदलीवर आली आणि राहून गेली. विनोबांनी या शहराला ‘संस्कारधानी’ म्हटलं. तेव्हापासून दुसऱ्यावर संस्कार करण्याचा परवाना प्रत्येक घरात फ्रेम करून लावलाय. हरिशंकर परसाई इथेच, नेपियर टाउनमध्ये राहून व्यंग्य लिहीत. त्यांना विषयांची टंचाई का पडली नाही, हे आमच्या मराठी मंडळाच्या एका बैठकीला बसलं की कळतं.

तर पुतणी. तिने बी. एड. केलं तेही विशेष शिक्षणात. मग भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी केली आणि तिला सीआरआर नंबर मिळाला. १९९२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसताना हे काम केलं तर तुरुंगवाससुद्धा होऊ शकतो. नोंदणी नसताना सल्ला द्यायला मात्र कायद्याची आडकाठी नसावी, कारण आमच्या घरातले सगळेच तो देत असत.

एकदा तिने घरी येऊन आनंदाने सांगितलं, की तिच्या वर्गातल्या एका मुलाला शर्टाचं बटण लावता यायला लागलं. सहा महिने लागले.

“एका बटणाला सहा महिने?” माझे थोरले बंधू, म्हणजे तिचे वडील, म्हणाले. “आपला टेलर दिवसाला शंभर लावतो.”

ती शांतपणे म्हणाली, “बाबा, टेलरला दोन्ही हातांची बोटं एकाच वेळी हलवायला कोणाला शिकवावं लागलं नव्हतं. आणि तुम्ही स्वतःचं शेवटचं बटण कधी लावलं होतंत? आई लावते.”

वहिनींनी मान खाली घातली, हसू लपवायला.

खरं तर या कामाची देशात केवढी तरी गरज आहे. २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा आणि वरच्या वर्गांत पंधरांमागे एक. महाराष्ट्राला हे काम नवं नाही. मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची, पुण्यात सिंधुताई जोशींनी काढलेली ‘कामायनी’ १९६४ ची. आमच्या जबलपुरातही जस्टिस तन्खा मेमोरियल रोटरी इन्स्टिट्यूटसारखी विशेष मुलांची संस्था आहे. एवढं सगळं असून स्थळ बघायला आलेल्या मंडळींनी ‘मुलगी काय करते?’ विचारलं की वहिनी घाईघाईने म्हणत, “शाळेत असते,” आणि पोह्यांची बशी पुढे सरकवत.

अशा घरात एका रविवारी तिने सांगितलं, “मी वर्षभरासाठी स्कॉटलंडला जातेय. शिकवायला.”

पहिली दोन मिनिटं घरात दिवाळी होती. परदेश! बंधूंनी मनातल्या मनात पौंडाला रुपयांनी गुणायला सुरुवात केली. मी त्यांच्या ओठांची हालचाल पाहत होतो. ते हातच्यापर्यंत पोचले होते. तेवढ्यात वहिनींनी विचारलं, “पगार किती?”

“पगार नाही. स्वयंसेवक म्हणून जातेय. राहणं, जेवण आणि थोडा हातखर्च मिळेल.”

बंधूंचा गुणाकार शून्याशी येऊन थांबला. कोपऱ्यातून तिची आजी म्हणाली, “राहणं, जेवण आणि थोडा हातखर्च? आमच्या वेळी याला लग्न म्हणत. त्यासाठी एवढ्या लांब जायची काय गरज?”

ती जिथे जाणार होती त्याची कथा मोठी आहे. कार्ल कोनिग हे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ. ज्यू असल्यामुळे १९३८ मध्ये नाझींपासून जीव वाचवून पळाले आणि स्कॉटलंडला पोचले. तिथे अ‍ॅबरडीनजवळ त्यांनी आणि सोबतच्या तरुण निर्वासितांनी विशेष मुलांसाठी काम सुरू केलं. १९४० च्या जूनमध्ये ‘कॅम्पहिल’ नावाच्या इस्टेटीवर बिऱ्हाड हलवायचं ठरलं. पण ब्रिटिशांनी ऐन वेळी गटातल्या पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडून स्थानबद्ध केलं. बायकांनी ठरल्या दिवशी सामान हलवलं, चुली पेटवल्या, मुलांना जेवू घातलं. हे ऐकून आजीला पहिल्यांदा त्या संस्थेबद्दल आदर वाटला. “पुरुष नसताना घर हललं ना? म्हणून वेळेवर हललं,” ती म्हणाली.

आता कॅम्पहिलच्या वस्त्या कितीतरी देशांत आहेत. तिथे विशेष गरजांची माणसं आणि स्वयंसेवक एकाच घरात राहतात. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, बागकाम, विणकाम, सणवार. कोणी कोणाचा पेशंट नाही. तेच सूत्र धरून पुण्याजवळ मुळशी तालुक्यात कोळवणला ‘साधना व्हिलेज’ उभं आहे, आणि तिथे परदेशी स्वयंसेवक येऊन राहतात. जर्मनीने तर २००८ पासून ‘वेल्टव्हेर्ट्स’ नावाची सरकारी मदतीची योजनाच काढलीय. त्यातून अठरा-वीस वर्षांची जर्मन पोरं जगभर सेवेला जातात. म्हणजे जर्मन मुलगी सेवेसाठी मुळशीत आणि जबलपूरची मुलगी सेवेसाठी स्कॉटलंडमध्ये. दोघींनी आपापल्या घरी राहून हेच काम केलं असतं तर विमानाचं भाडं वाचलं असतं, पण मग दोघींना कोणीच विचारलं नसतं.

त्यातल्या त्यात पुतणीचं बरं होतं, तिला पैसे द्यावे लागले नाहीत. परदेशी सेवेचा आता धंदा झालाय. काही मध्यस्थ कंपन्या स्वयंसेवकाकडूनच आठवड्याचा दर घेतात आणि पंधरा दिवस एखाद्या गरीब देशातल्या शाळेत त्याला सोडतात. सकाळी मुलांना इंग्रजी गाणी, दुपारी हत्ती बघायला. इकडे स्वमग्न मुलाला दुधाचा पेला बदललेला चालत नाही, आणि दर पंधरवड्याला त्याच्यासमोर नवा दादा हसत उभा राहतो, गळ्यात पडतो, फोटो काढतो आणि कायमचा जातो. पुतणी म्हणाली, “मी वर्षभर तरी राहीन. सहा महिने ओळख व्हायला लागतात.” बंधू पुटपुटले, “बटणासारखंच.” त्यांचं शिक्षण सुरू झालंय, हे त्यांनाच कळलं नव्हतं.

मला मात्र हळूहळू कळायला लागलं. पुतणी घरच्यांवर तिच्या शाळेतल्या पद्धती वापरत होती.

तिच्या कामात ‘बॅकवर्ड चेनिंग’ नावाची एक युक्ती आहे. मुलाला शर्ट घालायला शिकवायचं तर सुरुवात बाहीपासून करायची नाही. सगळं आपण करायचं आणि शेवटचं बटण तेवढं त्याला लावू द्यायचं. काम पुरं केल्याचा आनंद आधी, कष्ट मागाहून. मग शेवटची दोन बटणं, मग तीन, असं उलटं सरकत बाहीपर्यंत यायचं. घरी तिने तेच केलं. अर्ज गुपचूप केला, मुलाखत व्हिडिओवर दिली, निवड झाली, संस्थेचं प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र आलं. शेवटचा टप्पा तेवढा घरच्यांना ठेवला, आशीर्वाद देण्याचा. बंधूंना आजही वाटतं की परवानगी त्यांनी दिली.

दुसरी युक्ती चित्रांच्या वेळापत्रकाची. ज्यांना पुढे काय होणार हे न कळल्यामुळे घाबरायला होतं, त्यांच्यासाठी दिवसभराच्या कामांची चित्रं ओळीने लावतात. काम झालं की चित्र काढून टाकायचं. तिने फ्रिजवर चित्रं लावली. पासपोर्ट, रेल्वे, डॉक्टर, विमान, बर्फ, आणि शेवटी पुन्हा जबलपूरचं घर. आजी रोज त्या शेवटच्या चित्रावर बोट ठेवून खात्री करून घ्यायची. मग तिचं रडणं थांबलं.

तिसरी युक्ती बक्षिसाची. वागणं बदलायचं तर चांगल्या वागण्याला लगेच बक्षीस द्यावं. बंधूंनी दिवसभर ‘फुकट’ हा शब्द उच्चारला नाही की संध्याकाळी खव्याची जिलबी. जबलपूरची ही काळपट, जड जिलबी चोवीस तास मौन पाळायला लावण्याइतकी गुणकारी आहे, हे मला तेव्हा कळलं. फक्त बंधूंची साखर वाढली, आणि पुतणीने बक्षीस बदलून पेरू केला. त्या दिवसापासून ‘फुकट’ परत आला.

सगळ्यात कठीण युक्ती मात्र वाट पाहण्याची. प्रश्न एकदाच विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. सूचना तीन-तीनदा करायची नाही. विशेष शिक्षकांना हे जमतं. आमच्या घरात ते पुतणीखेरीज कोणाला जमत नव्हतं.

कागदपत्रांची गोष्ट वेगळीच. ब्रिटनचा चॅरिटी वर्कर व्हिसा जास्तीत जास्त बारा महिन्यांचा असतो आणि त्यावर पगार घ्यायला बंदी असते. आपल्याकडे पगार मिळत नाही म्हणून माणसं कोर्टात जातात. इथे पगार घेतला तर नियमभंग. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं म्हणून क्षयाची तपासणी, तीही ठरावीक दवाखान्यातच. त्यासाठी रात्रभर रेल्वेने मुंबई. अंगठ्याचे ठसे, फोटो, बँकेतली शिल्लक. संस्थेला पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही हवा होता. चौकशीला आलेले हवालदार चहा घेता घेता सगळं ऐकून थक्क झाले. “का हो बड्डे,” ते मला म्हणाले, “फ्री में काम करने के लिए पुलिस की परमीशन? हम तो इत्ते साल से बिना पूछे कर रहे हैं।”

जाण्याआधी मंडळाने निरोपसमारंभ ठेवला. प्रमुख वक्ते म्हणून इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक. ते म्हणाले, परदेशी जाऊन अवघड विद्यार्थ्यांना शिकवण्याची परंपरा जबलपूरला फार जुनी आहे. इंग्रज अधिकारी स्लीमनसाहेबांनी १८३० च्या दशकात इथे ठगांसाठी उद्योगशाळा काढली. ज्या हातांना रुमाल आवळायची सवय, त्यांना गालिच्याची गाठ आणि तंबूचं कापड शिकवलं. वक्त्यांच्या मते परदेशातून येऊन जबलपुरात शाळा काढणारे ते आद्य पुरुष. पुतणी माझ्या कानाशी लागून म्हणाली, “काका, ते पगारी होते. आणि त्यांच्या शाळेतून पोरांना घरी जायची सोय नव्हती.” मग वक्ते अमृतसरला गेले, तिथे १८८७ मध्ये अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी अंधांसाठी शाळा काढली. तिथून मुंबईला आले, तिथे १९०० मध्ये अ‍ॅना मिलार्ड या अमेरिकन बाईंनी तेच केलं. मग १९५५ मध्ये हेलन केलर भारतात आल्या होत्या, तिथे ते अर्धा तास थांबले. शेवटी म्हणाले, “इतकी वर्षं गोऱ्या बायका आपल्याला शिकवायला आल्या. आता आपली मुलगी त्यांना शिकवायला निघालीय!” टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी शाल घातली. शालीवर स्कॉटलंडचा नकाशा नव्हता इतकंच.

ती गेली आणि आम्ही तिच्या व्हिडिओ कॉलची वाट पाहू लागलो. सगळ्यांना वाटलं होतं, काचेच्या इमारतीत, पांढऱ्या फळ्यासमोर उभी राहून ती गोऱ्या मुलांना शिकवत असेल. पहिल्याच कॉलमध्ये ती भांडी घासताना दिसली. शेजारी एक साठीचे गृहस्थ, डाउन सिंड्रोम असलेले, हातात टॉवेल घेऊन गंभीर चेहऱ्याने तिचं काम तपासत होते. त्या घरात त्यांना अनेक वर्षं झाली होती, ती तर कालची. एक बशी त्यांनी परत केली. नीट निघाली नव्हती.

“तू तिकडे शिकवायला गेली होतीस ना?” वहिनींनी विचारलं.

“शिकवतेय ना. सकाळी भाजी चिरायला शिकवते. फक्त भांड्यांचे शिक्षक ते आहेत.”

वहिनी हादरल्या. आजी नाही. आजीने फोन हातात घेऊन त्या घराची सगळी चौकशी केली. घरात किती माणसं? एक जण कोणाशी बोलत नाही. एक जण रोज तोच प्रश्न विचारतो. एकाला खुर्ची बदलली की राग येतो. एक बाई कोणालाही न विचारता सगळ्यांच्या ताटात वाढते. स्वयंसेवकांना सगळ्यांबरोबर जेवायचं, सगळ्यांचं ऐकायचं, आणि रात्री आपापल्या खोलीत जाऊन उसासा टाकायचा.

“म्हणजे आपलंच घर,” आजी म्हणाली. “न बोलणारा तुझा धाकटा भाऊ. रोज तोच प्रश्न विचारणारा तुझा बाप. खुर्चीचा राग तुझ्या काकाला. वाढणारी मी. फक्त इथे तुझ्या आईला स्वयंसेवक म्हणून कोणी पत्र दिलं नाही.”

वहिनींनी हे ऐकलं आणि त्या दिवशी संध्याकाळी चहा बंधूंना स्वतःचा स्वतः करावा लागला. पुतणीने तिकडून टाळ्या वाजवल्या. स्वावलंबन हे तिच्या विषयात फार मोठं यश मानतात.

इकडे जबलपुरात तिच्या जागी दुसरी शिक्षिका मिळेना. जाहिरात दिली, कोणी आलं नाही. तिच्या वर्गातली मुलं शहरातल्याच रांझी भागातून येणाऱ्या दुसऱ्या ताईंनी आपल्या वर्गात सामावून घेतली. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचं प्रमाण जाऊ दे, त्यांच्या वर्गात बाकंही पुरेनात. या ताई रोज रांझीहून टेम्पोने येतात, दोन टेम्पो बदलतात, दुपारी मुलांचे डबे भरवतात, त्यांना शौचाला नेतात, कपडे बदलतात आणि मग शिकवतात. शाळेतल्या मदतनीस मावशी तर त्यांच्याही आधी येतात आणि नंतर जातात. हे सगळं पुतणी स्कॉटलंडमध्ये करत होती, तेव्हा त्याला ‘जीवन वाटून घेणं’ म्हणत. रांझीच्या ताई करतात, तेव्हा त्याला ड्युटी म्हणतात.

वर्ष संपलं, पुतणी परतली. फ्रिजवरचं शेवटचं चित्र आजीने स्वतः काढलं. गणेशोत्सवात मंडळाने सत्काराचा घाट घातला. पुतणीने अट घातली: माझ्याबरोबर रांझीच्या ताईंचाही सत्कार करा, नाहीतर मी येणार नाही.

कार्यकारिणीची तातडीची बैठक बसली. मी सभासद, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं.

“कल्पना छान आहे,” अध्यक्ष म्हणाले. “पण त्या कुठे जाऊन आल्या?”

“रांझीहून शाळेत. रोज.”

“त्याला जाऊन येणं म्हणत नाहीत. आपल्या सत्काराच्या नियमात ‘बाहेर जाऊन सेवा’ असं आहे.”

“मग नियम बदला.”

“घटनादुरुस्तीला दोनतृतीयांश सभासद लागतात. तेवढे फक्त गणपतीच्या जेवणाला येतात.”

चर्चा तासभर चालली. कोषाध्यक्ष म्हणाले, शाल एकच घेतलीय. कार्याध्यक्षांनी हिशोब मांडला, की एका बाईंचा सत्कार केला तर शहरातल्या सगळ्याच शिक्षिकांचा करावा लागेल, आणि मग सत्काराला अर्थ काय राहिला? शेवटी एका अनुभवी सभासदाने तोडगा काढला. मंडला रस्त्यावर बरेला आहे. जबलपूरच्या हद्दीबाहेर आहे, म्हणजे नियमात बसतं. ताईंनी तिथे महिनाभर जाऊन शिकवावं, मग पुढच्या गणपतीत त्यांचा सत्कार करता येईल. ठराव एकमताने मंजूर झाला, आणि तो ताईंना कळवायचं काम माझ्यावर आलं.

मी शाळेत गेलो. ताई एका मुलाच्या मागे बसून त्याच्या हातावर आपला हात ठेवून त्याला बुटाची नाडी बांधायला शिकवत होत्या. त्यांनी ठराव पूर्ण ऐकला, मध्ये बोलल्या नाहीत. मग नाडीची सगळी गाठ स्वतः बांधून फक्त शेवटचं टोक त्या मुलाला ओढू दिलं. ते घट्ट बसलं. मुलगा खुशीत टाळ्या वाजवायला लागला.

“मंडळाला सांगा,” ताई म्हणाल्या, “आधी सत्कार करा. बरेल्याला मी मागाहून जाईन.”